पाठ न टेकवल्याचा खटला

माझी बायको पैलवान आहे. नवी ओळख झाली की हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे लोकांना जे विनोद करायचे असतात ते माझ्यासमोरच उरकतात आणि मग निवांत चहा पिता येतो. मी वारणकोटच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि वारा सुटला की स्कूटर जपून चालवतो. हौसा सरकारी तालमीत मुलींना कुस्ती शिकवते. तिच्या पोरी राज्याबाहेर जाऊन मेडलं आणतात, पण पाहुण्यांना ती मेडलांआधी त्यांचे कुस्तीत रगडून चेमटलेले कान दाखवते. मेडल विकतही मिळतं, कान मिळत नाही, असं तिचं म्हणणं.

आता मोजा. पोलिसांच्या हातातली लाठी जाऊन मोजा आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याचं सरकारी नाव चांगलं हातभर लांब आहे, पण लोक मोजाच म्हणतात. कोपरापर्यंत येणारा करड्या रंगाचा हातमोजा. कापडात कृत्रिम स्नायूंचे धागे विणलेले. वीज मिळाली की ते आखडतात आणि साध्या हवालदाराच्या पकडीत चार माणसांचं बळ येतं. तळव्याच्या बाजूला बारीक संवेदक. आपले स्नायू आवळतात तेव्हा कातडीखाली अगदी क्षीण वीज खेळते. मनगट धरलं की मोजा ती वाचतो आणि माणूस किती झटतोय त्याचा आकडा काढतो. त्याला म्हणतात प्रतिकारांक. आकडा खाली असेल तर पकड हलकी, वर गेला तर घट्ट, फारच वर गेला तर हात पिरगाळून माणसाला उताणं पाडायचं. सोडायचं असेल तर पोलिसाने आतून मूठ पूर्ण उघडायची, की मोजा मलूल होतो. राग नाही, लोभ नाही, जात नाही, नुसतं गणित. मी वर्गात याचं कौतुक करून सांगितलं होतं.

मग पालिकेने मुलींच्या तालमीची जागा गाड्या लावायला द्यायचं ठरवलं, आणि हौसाच्या पोरी कोणाला न विचारता पालिकेच्या फाटकासमोर जाऊन बसल्या. हौसाला कळलं तशी ती धावतच गेली. त्यांना उठवायला.

"उठा गं," ती म्हणाली. "उन्हात बसून वजन उतरत न्हाई, नुसतं डोकं उठतं. सायबांशी मी बोलते."

पोरी कुरकुरत उठायला लागल्या होत्या. तेवढ्यात रस्ता मोकळा करायचा हुकूम आला, आणि मारुती ढेरे या हवालदाराने मागून येऊन हौसाचं उजवं मनगट धरलं. मारुती परका नव्हता. शेजारच्या गल्लीतला, दत्तू वस्तादांच्याच हाताखाली, हौसाबरोबर एकाच मातीत वाढलेला. 'ताई, चल' असं तो म्हणाला की नाही, यावर पुढे कोर्टात दोन तारखा गेल्या.

इथे वस्तादांची एक पद्धत सांगायला हवी. त्यांच्या तालमीत नवं पोर आलं की त्याला डाव शिकवत नाहीत. डोळ्यांवर फडकं बांधून मातीत उभं करतात. कोणीतरी मागून हात धरून हिसका देतं, आणि पोराने काहीही झालं तरी पालथं वळायचं. पाठ मातीला लागली तर कुस्ती गेली. रोज सकाळी, वर्षानुवर्षं हेच. "डोस्क्याला इचारत बसलास तर तवर पाठ टेकलेली असती," असं वस्ताद सांगतात.

मोज्याने हिसका दिला आणि हौसा पालथी वळली. मोज्याने आकडा वाढवला, पीळ दिला. हौसा आणखी वळली. मोज्याला तिला उताणं करायचं होतं आणि तिच्या अंगाला उताणं होणं ठाऊकच नव्हतं. शेवटी खांदा निखळला, दंडाच्या हाडाचं डोकं फुटलं, आणि मोज्याच्या नोंदीत प्रतिकारांक चौऱ्याण्णव लिहिला गेला.

हौसा दवाखान्यात पडून होती तेव्हा गावाने काय करावं? वारणकोटात पोर दहावीला काठावर पास झालं तरी फ्लेक्स लागतो. चौकात दोन मजली फ्लेक्स लागला. हौसाचा जुना लाल पोशाखातला फोटो, मागे वाघ, आणि खाली: 'यंत्राशी झुंजली, पण पाठ टेकवली नाही! रणरागिणी हौसाताई खोत यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: दत्तू वस्ताद तालीम मंडळ.' उद्घाटनाला हलगी लावली होती म्हणे.

आम्ही नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला, सरकारवर आणि मारुतीवर. वकील नसीमा शिकलगार. बाई बोलताना चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग सगळीकडे शोधत बसतात, पण कागद मात्र एकदा वाचला की विसरत नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं.

"भरपाई मिळेल न मिळेल. खरी गोम दुसरीच आहे. हौसाताईंच्या नावावर 'पोलिसांना प्रतिकार' असा शेरा पडलाय. तो कायम झाला तर सरकारी प्रशिक्षकाला लागणारा चारित्र्याचा दाखला मिळणार नाही. म्हणजे तालीम सुटली. प्रतिकार झाला नाही, हे कोर्टाकडून लिहून घ्यायचं, एवढंच आपलं काम."

खांदा तर गेलाच होता. आता पोरीही जाणार होत्या. त्या रात्री हौसा नीट जेवली नाही, आणि हौसा जेवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकलो आहे.

मोज्याची नोंद कोर्टामार्फत आमच्या हातात आली तेव्हा मला एखाद्या पोराला नवं खेळणं मिळावं तसं झालं. मोजा सेकंदाचे हजार भाग करून प्रत्येक भागाला एक आकडा लिहितो. मी तो आलेख भिंतीवर उमटवला आणि बघत राहिलो. तो सरळ चढ नव्हता, जिना होता. आणि प्रत्येक पायरीला आधी मोज्याचा जोर वाढत होता, मग हौसाचा स्नायू आवळत होता. एकदाही उलटं नाही. आधी मोजा, मग हौसा.

मधलं अंतर बघून मी उभाच राहिलो. गरम तव्याला बोट लागलं की आपण आधी हात मागे घेतो आणि मग 'आई गं' म्हणतो. हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूच्या विचार करणाऱ्या भागापर्यंत जातच नाही. तो पाठीच्या कण्यातूनच परत फिरतो. 'आता मी झटका देणार' असं मनाने ठरवून अंगाने ते करायचं, तर सेकंदाच्या हजार भागांतले दीडशे तरी भाग लागतात, बहुतेकांना दोनशे. हौसाचा स्नायू सत्तराव्या भागाला आवळला होता. तेव्हा तिच्या मनाला आपला हात कोणी धरलाय हेही नीट कळलेलं नव्हतं. रोजच्या सरावाने ही आखूड वाट किती पक्की आणि किती जोरकस होते, यावर जगभर अभ्यास झालेला आहे. वस्तादांनी तो न वाचता अमलात आणला एवढंच.

"पण ती क्षणाची गोष्ट झाली," शिकलगार बाई म्हणाल्या. "पुढचे सहा-सात सेकंद?"

"लग्नाच्या मांडवात माईक चुकून कर्ण्यासमोर गेला की काय होतं?" मी विचारलं. "कुई करून ओरडतो. माईक ऐकतो, कर्णा मोठ्याने बोलतो, ते पुन्हा माईक ऐकतो. तसंच इथे. मोजा ओढतो म्हणून अंग आवळतं, अंग आवळलं म्हणून मोजा आणखी ओढतो. हौसा भांडत नव्हती. मोजा स्वतःच्याच आवाजाला घाबरून ओरडत होता."

बाईंनी कपाळावरचा चष्मा चक्क डोळ्यांवर घेतला. "हेच, असंच, कोर्टात सांगायचं. एक शब्द जास्त नको."

मी सांगितलं. चांगलं सांगितलं, स्वतःच म्हणतो. न्यायाधीश राजाध्यक्ष बाईंनी माईकचं उदाहरण लिहूनही घेतलं. आणि मग सरकारी वकिलांनी शांतपणे एक फोटो पुढे केला. चौकातला फ्लेक्स.

त्यांनी दत्तू वस्तादांना साक्षीला बोलावलं. वस्ताद फेटा बांधून आले.

"हा मजकूर तुमच्या मंडळाचा?"

"व्हय."

"यात 'यंत्राशी झुंजली' असं लिहिलंय. हे खरं की खोटं?"

शिकलगार बाई डोळ्यांनी नाही-नाही करत होत्या. पण वस्तादांना आयुष्यात कोणी हा प्रश्न इतक्या मानाने विचारला नसावा.

"खोटं कशापायी लिवू?" ते गरजले. "चार गड्यांचं बळ हाय म्हनं त्या मोज्यात! माझ्या पोरीनं पाठ लावू दिली न्हाई. हात मोडला, पर पाठ न्हाई!"

मागच्या बाकांवरून तालमीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिपायाने गप्प केलं. सरकारी वकील "धन्यवाद" म्हणून इतके गोड हसले की मला त्यांच्याशी कुस्ती धरावीशी वाटली, आणि मी काय वजनाचा आहे ते आधीच सांगितलं आहे.

त्याच आठवड्यात तडजोडीचा निरोप आला. उपचाराचा सगळा खर्च सरकार देईल, शेरा सेवापुस्तकात चढणार नाही, तालीम चालू राहील. फक्त एका वाक्याखाली सही करायची: 'माझ्याकडून काही प्रमाणात प्रतिकार झाला.'

सकाळी मी हौसाची वेणी घालत होतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलंय. भौतिकशास्त्राच्या माणसाला तीन पेडांची वेणी अवघड जाऊ नये, पण जाते.

"सही करून टाक," मी म्हणालो. "पोरी राहतायत. एक वाक्य आहे नुसतं. काही प्रमाणात म्हणजे काय, काहीच नाही."

मी पेड ओढला.

"अगं, वस्तादांनी सगळं घालवलं. आता हरलो तर तालीम जाईल, समजतंय का तुला?"

"मास्तर, हळू ओढा." मग ती वळून बसली, अर्धी वेणी हातात घेऊन. "मी त्या दिवशी भांडाय गेले नव्हते. पोरींना उठवत होते. सरळ होते मी. आणि गाव म्हणतंय मी जिंकले, सरकार म्हणतंय मी झुंजले. जी कुस्ती मी लढलेच न्हाई, तिचा मान बी मला नको आणि तिचा डाग बी नको."

"आणि तालीम?"

"उद्या त्या पोरींतली एखादी सरळ उभी असताना कुणी मोडली, तर तिनं काय म्हणायचं? आमच्या ताईनं पण काही प्रमाणात केलं होतं म्हणून?" तिचे डोळे भरले होते, आणि तिला ते पुसायचे नव्हते. "हरूदे. पण खरं बोलून हरूदे."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीच्या वर मला माझ्या बायकोचा असा काही अभिमान वाटला की वेणी तिरकी झाली. ती तशीच तालमीत गेली.

पुढच्या तारखेला सरकारी तज्ज्ञांनी माझं म्हणणं खोडून काढलं. प्रतिक्षिप्त क्रिया वगैरे ठीक, पण आधी बजावून ठेवलं आणि मनात आणलं, तर कोणताही माणूस अंग सैल सोडू शकतो. "वादीची चाचणी घ्या. सुरक्षित जोरावर मोजा लावा आणि तिला पाठ टेकवायला सांगा. टेकवता आली, तर त्या दिवशी न टेकवणं ही तिची मर्जी होती."

शिकलगार बाई उठल्या. "मॅडम, हौसाताईंना पाठ टेकवता आली नाही तर विरुद्ध पक्ष म्हणणार, नाटक केलं. चाचणी अशा माणसाची घ्या ज्याचा पाठ टेकवण्यात फायदा आहे. त्याच तालमीत, त्याच वस्तादांकडे, तितकीच वर्षं शिकलेला माणूस इथे बसलाय. प्रतिवादी मारुती ढेरे."

सरकारी वकिलांनी आनंदाने होकार दिला. त्यांचाच माणूस. त्याने पाठ टेकवली की खटला संपला.

कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात गादी घातली. मोजा बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर, सानिका नावाची नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी, हातात मोजा चढवून उभी राहिली. जोर इतका कमी ठेवला होता की दुखेल, पण मोडणार नाही. मारुतीला न्यायाधीश बाईंनी स्वतः समजावलं: ती मागून हात धरेल, तुम्ही फक्त सैल पडायचं, पाठ गादीला लावायची. मारुतीने मान हलवली. त्याला सैल पडायचं होतं, अगदी मनापासून. त्याची नोकरी त्या गादीवर होती.

सानिकाने हिसका दिला. मारुती पालथा.

"पुन्हा," सरकारी वकील म्हणाले. "ढेरे, सैल."

मारुतीने डोळे मिटले, लांब श्वास सोडला. हिसका. पालथा. पडद्यावर आकडा उमटला: त्र्याऐंशी. त्याला घाम फुटला होता. हरायचा प्रयत्न करणारा पैलवान मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि इतकी केविलवाणी मेहनत मी कधी पाहिली नाही. मागे वस्ताद पुटपुटले, "न्हाई टेकायची, लेकरा. ती माझी शिकवण हाय," आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बसला. आपण कोर्टात काय बोलून बसलो होतो ते त्यांना तिथे, त्या व्हरांड्यात कळलं.

तिसऱ्या वेळी आकडा वाढत गेला, मोजा पीळ देऊ लागला, मारुतीच्या तोंडून हुंकार निघाला, आणि सानिकाने झटकन मूठ उघडली. मोजा मलूल झाला.

"का सोडलं?" सरकारी वकील चिडले. "चाचणी पुरी झाली नव्हती."

ती गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, त्यांना दुखत होतं."

मारुती गादीवर तसाच पालथा पडला होता. मग तो उठून बसला, पण वर बघेना.

"मॅडम, मला सांगायचंय," तो म्हणाला. वकिलांनी त्याला अडवायला हात केला. न्यायाधीश बाईंनी वकिलांना अडवलं.

"ताई झुंजत न्हवती. मला तवाच कळलं होतं. मीबी त्याच मातीतला हाय, हाताला लगेच कळतं. ती नुसती वळत होती, आत्ता मी वळलो तशी." तो थांबला. "मूठ उघडावी वाटली होती. पर आकडा वर असताना मूठ उघडली तर कसूर म्हणून नोंद होती. दोनदा झाली होती माझी. तिसऱ्यांदा झाली असती तर घरी बसवलं असतं. म्हणून मूठ आवळून धरली. मोज्यानं एकट्यानं न्हाई मोडला ताईचा हात. मी बी मोडला."

हौसा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की मला दावा लावायचा विचार आला.

निकाल मोठा होता, पण आम्हाला हवी होती ती ओळ राजाध्यक्ष बाईंनी आधी वाचली. वादीने कोणताही प्रतिकार केला नाही. शेरा रद्द, भरपाई मंजूर. पुढे त्यांनी लिहिलं होतं की, जे यंत्र स्वतः दिलेल्या हिसक्याचं उत्तर समोरच्याचा गुन्हा म्हणून मोजतं ते न्यायाला चालणार नाही, आणि मूठ उघडणाऱ्या पोलिसाला शिक्षा देणारा नियम तर त्याहून चालणार नाही. मूठ कधी उघडायची हे हाताला कळावं म्हणून मोजा घालणाऱ्या प्रत्येकाने आधी तालमीत सराव करावा, अशी शिफारस केली. सरकारने ती मानली, कौतुकच म्हणायचं. वस्ताद बाहेर येऊन हौसाला म्हणाले, "तू झुंजली न्हाईस, असं कोरटानं लिवलं, पोरी," आणि हे अभिनंदन की सांत्वन, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. मारुतीने मोजा परत केला. भाऊबीजेला तो आला तेव्हा हौसाने त्याला डाव्या हाताने ओवाळलं. बोलली नाही. पण ओवाळलं.

पोलिसांचाच सराव तिथे सुरू झाल्यावर पालिकेने गाड्या लावायचा बेत सोडला. आता मुलींच्या तालमीत दुपारची पाळी पोलिसांची असते. कॉलेज सुटलं की मी तिथे दारात जाऊन उभा राहतो, उगाचच. माझ्या बायकोसमोर खाकी हाफपँट घातलेले गडी रांगेत उभे असतात आणि ती त्यांना डाव्या हाताने मातीत घोळवत असते. हे बघून ज्याची छाती फुगणार नाही त्याने लग्न करू नये.

परवा एक बड्या हुद्द्याचे साहेब होते, सहा फुटी, पंधरवडाभर रोज डोळ्यांवर फडकं बांधून सराव केलेले. हौसा त्यांना म्हणाली, "आज फक्त सैल पडायचं. मी ओढणार, तुम्ही पाठ टेकवायची." साहेबांनी हसून अंग सैल सोडलं. तिने मागून हिसका दिला. साहेब पालथे, तोंडात माती.

"असं कसं झालं?" ते माती थुंकत म्हणाले.

"तुम्ही प्रतिकार केलात, साहेब."

"मी? बाई, मी काहीच केलं नाही!" साहेब खरोखर दुखावले होते. "मी सरळ उभा होतो!"

"हेच मी दीड वर्ष कोर्टात सांगत होते," हौसा म्हणाली, आणि तिने मूठ उघडून त्यांचं मनगट सोडलं. "उठा. आता तुम्ही मला धरा, आणि सोडून दाखवा."